जानीमावशीचं परराष्ट्र धोरण

आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लढाईबद्दल बोलणाऱ्याला दुसऱ्यांदा भात मिळत नाही. हा नियम मॅनेजमेंटचा नाही, जानीमावशीचा आहे. म्हणून तो पाळला जातो.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा रसायनांचा कारखाना. मी स्टोअरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत डाळ आणि भाताची सूत्रं मावशीच्या हातात असतात. माणसांची नावं ती लक्षात ठेवत नाही, गावावरून हाक मारते. मी कोल्हापूर. खरेदी विभागातले कदम सातारा. पॅकिंगमधली पोरं यूपी आणि बिहार. "ए बिहार, ताट पुढं कर. सातारा, तू थांब."

सातारा नेहमीच थांबलेला असायचा. कदमांची मिशी आणि बांधा दोन्ही लष्करी. तरुणपणी भरतीला गेले, छातीत पास झाले आणि डोळ्यांत नापास. तेव्हापासून ते जेवणाच्या टेबलावर युद्ध करतात. मागे सीमेवर तणातणी झाली त्या दिवसांत त्यांनी टेबलावर डाळीनं नकाशा काढला, मिठाच्या ढिगाऱ्याला कराची केलं आणि म्हणाले, "आपण इथून आत घुसायचं." मावशी फडकं घेऊन आली. एका हातानं नकाशा पुसला, दुसऱ्या हातानं कदमांचं ताट उचललं. "झालं तुझं जेवण."

"मावशी, अहो अर्धी चपाती..."

"लढाई असली का रेशन कमीच असतं."

नवीन माणसाला वाटायचं, बाई विक्षिप्त आहे. आम्हालाही आधी तेच वाटायचं. ती कॅन्टीनमधला टीव्ही आवाज बंद करून बघायची. कुठल्याही दोन देशांचे पुढारी भेटले की हातातला डाव तसाच धरून पडद्यासमोर उभी. बोलणं ऐकायची गरजच नाही म्हणे, हात बघायचे. "याने हात दिला, पण तोंड फोटोवाल्याकडे. लांबणार." किंवा, "हे दोघं बसताना वाकडे बसले. काय नाय होत." मी रोज दोन वर्तमानपत्रं वाचून, मोबाइलवर तज्ज्ञांच्या चर्चा ऐकून जे अंदाज बांधायचो ते सपशेल चुकायचे. तिचेही चुकायचेच. पण ती निदान तासभर ओरडत नसे.

क्रिकेटमध्ये तर ती कुणाच्याच बाजूची नव्हती. आपला आणि त्यांचा सामना असला की दोन दिवस आधीपासून म्हणायची, "पाऊस पडू दे रं देवा." आणि माझ्या मोबाइलवर रोज तिच्या दोन चौकशा ठरलेल्या: कराचीत ऊन किती आणि तिकडं पीठ काय भाव. एकदा गेटवरच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं माझ्या फोनवर कराचीचं हवामान पाहिलं. त्यानंतर आठवडाभर माझ्या डब्याची झडती होत होती.

शेवटी मी वैतागून विचारलं, "मावशी, त्यांच्या पिठाशी आपल्याला काय करायचंय?"

"तिकडं पीठ म्हाग झालं, तर जेलात भाकर बारीक व्हते ना."

तेव्हा कळलं. तिचा नवरा रमण कराचीच्या तुरुंगात होता. मनोरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर, पावसाच्या भरवशावरचं भाताचं वावर. भात झोडून झाला की पाड्यावरचे पुरुष गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. तसाच रमण गेला. बोट सीमा ओलांडून गेली म्हणाले, आणि तिकडच्यांनी सगळ्यांना धरून नेलं. रमणला पाण्यातली सीमा कशी कळणार? त्याचं काम जाळं ओढायचं. शिक्षा केव्हाच भोगून झाली होती, तरी सुटका होत नव्हती. दोन देश बोलायला लागले की कैदी सुटतात, बोलणं तुटलं की तिथंच राहतात. एवढं आंतरराष्ट्रीय राजकारण मावशीला पाठ होतं.

आणि म्हणूनच तिला सगळ्या जगाची काळजी. कुठंतरी लांब, तिसऱ्याच दोन देशांत लढाई पेटली की आम्ही म्हणायचो, आता जहाजं अडकणार, कच्चा माल उशिरा येणार. ती म्हणायची, "मोठ्यांची भांडणं लागली का आमच्यासारख्याकडं कोण बघतो? माझा तो मागंच राहायचा."

रमणचं नाव मात्र तिनं कधी मायेनं घेतलं नाही. "आला ना, का पयला झाडूनं मारीन. वीटभट्टीवर जा सांगत होती, ऐकला नाय. त्याला दर्या बघायचा होता. बघ म्हणावं आता."

कदमांनी हे ऐकलं, त्या दिवसापासून त्यांचा नकाशा बंद झाला. चर्चा मात्र ते सोडू शकले नाहीत. आवाज खाली आणून ते मला विचारायचे, "काय वाटतं, बोलणी सुरू होतील का?" मिशी तीच, सूर निराळा.

आणि एकदाची ती बातमी आली. मावशीला मच्छीमारांच्या एका पुढाऱ्याचा फोन आला: सुटणाऱ्यांत रमण आहे. ती फोन ठेवून पुन्हा वाढायला उभी राहिली. कदमांच्या ताटात भात घातला, अजून घातला, अजून घातला. "मावशी, पुरे, पुरे," कदम म्हणाले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तो डोंगर निमूटपणे खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून ती रजेवर गेली. सगळं कॅन्टीन सुटल्यासारखं खूश होतं. बिहारनं स्वतःच्या खिशातून पेढे वाटले.

दोन-तीन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी कदम उमरोळीला माझ्या खोलीवर आले. मोटारसायकलला आंब्यांची पिशवी लटकवलेली. "चल, बघून येऊ." त्यांची मोटारसायकल अशी की ती निघाली हे पुढच्या स्टेशनावर कळतं. पाड्यावरची सगळी कुत्री आमच्या स्वागताला आली.

रमण अंगणात बसला होता. वाळलेला, केस पांढरे. कदमांना बघताच तो ताडकन उठला, हात सरळ खाली सोडून उभा राहिला. "अहो बसा, बसा हो," म्हणत कदम स्वतःच खाली जमिनीवर बसले. मग तो बसला. आंबा खाल्ला, कोय चाटूनपुसून काढली. पाणी प्यायच्या आधी मावशीकडं बघून त्यानं विचारलं, "पिऊ?" जरा वेळानं "पडतो" म्हणून आत गेला.

मावशी आमच्याजवळ बसली. झाडू मारला का, मी विचारलं.

"कुठं मारते. रे कोल्हापूर, तो झोपतच नव्हता. अंधार पडला का दाराकडं बघत बसायचा. मला कळंना. मग एक दिवस बोलला, बाहेरून कडी लावशील का? तिकडं रोज कडी लावायचे. तो आवाज आल्याबिगर याचा डोळाच लागत नाय." तिनं कोय उचलून बाजूला ठेवली. "इतकी वर्षं मी देवाला सांगत होती, त्याची कडी काढ. आणि आता मीच लावते. लावते, तो झोपला का हळूच काढते. उठंल तवा दार उघडं पायजे."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते ती लपवत नव्हती. कदम खाली बघत होते. मग अगदी हळू आवाजात, त्यांना इतकं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं, ते म्हणाले, "मग मावशी, कडी काढा ना आता. झोपलेत ते."

आतून घोरणं ऐकू येत होतं.

मावशीनं वळून दाराकडं बघितलं. कडी खाली लोंबत होती. दार वाऱ्यानं थोडं हललं.

"मी लावलीच नाय," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलत बसली, इसरली."

ती उठली, दारापर्यंत गेली, आत डोकावली. परत आली तेव्हा पदर तोंडावर धरून हसत होती आणि रडत होती. "झोपला रे. उघड्या दारात झोपला." आम्ही तिघं कितीतरी वेळ ते घोरणं ऐकत बसलो. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. ते इतके दिवस होतं, हे मला त्या वेळी कळलं.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. मी मागच्या सीटवर बसायला गेलो तर कदमांनी नको म्हणून खूण केली. त्यांनी गाडी चालू केली नाही. पुढून हँडल धरून ते घामाघूम होत ती डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत घेऊन गेले, आणि मी मागून जोर लावत होतो.