बंद पडू नये म्हणून बंद

कोणतीही संस्था वाचवायची म्हटली की आधी समिती लागते. संस्था मागाहून असली तरी चालते. आमच्या कॉलेजला सरकारी पत्र आलं : महिन्याभरात चाळीस विद्यार्थी दाखवा, नाहीतर टाळं लावा. विद्यार्थी एकोणतीस. त्यातली एक माझी नात. दुसरं कॉलेज दोन तासांवर. "तिकडे धाडणार नाही, घरी बसवीन," असं तिच्या बापाने, म्हणजे माझ्या चिरंजीवांनी, जाहीर केलं. हेच चिरंजीव 'कॉलेज बचाव समिती'चे अध्यक्ष.

समिती मात्र देखणी. सभासद बावन्न (कॉलेजपेक्षा तेवीस जास्त), सल्लागार अकरा, उपाध्यक्ष सहा, सतरंजी उचलणारा शून्य. सह्या जमल्या अकराशे चार.

"सह्या करणाऱ्यांची पोरं कुठे शिकतात रे?" मी विचारलं.

"आई, तुला यातलं कळत नाही."

खरं आहे. मी चौथी नापास. मला सोपेच प्रश्न पडतात.

मग एकमताने ठराव झाला : कॉलेज बंद पडू नये म्हणून मंगळवारी कडकडीत बंद. पिठाची गिरणी बंद, न्हावी बंद, आणि एकीला गालबोट नको म्हणून कॉलेजही बंद. फाटकाला कुलूप अध्यक्षांनी स्वहस्ते लावलं (फोटोसाठी दोनदा).

नेमके त्याच मंगळवारी डोकी मोजायला साहेब आले.

मी नातीला घेऊन मागच्या दाराने आत जाऊन बसले होते. त्या दाराला कडीच नाही. समितीला हे ठाऊक नव्हतं, कारण समितीतलं कोणी आत कधी गेलंच नव्हतं. साहेबही फिरत फिरत मागूनच आले.

"आजी, शिक्षण?"

"चौथी नापास."

"मग इथे कशा?"

"पुढचं राहिलंय ना!"

नात बाकाखाली तोंड लपवून हसली. साहेबांनी लिहिलं : 'महाविद्यालय बंद आढळले. हजर दोन, पैकी एक वयस्कर.' बंद शंभर टक्के यशस्वी झाल्याची ही सरकारी पावती मानून समितीने साहेबांना नारळ दिला. साहेब ओशाळले. पुन्हा मोजायला महिनाअखेरीस येतो म्हणाले.

तर अकरा पोरं कमी आहेत. तुम्ही हसताय, हसा. सह्यांचा कागद आता माझ्याकडे आहे. सातवी सही तुमची, वळणदार आहे अगदी. तुमचा धाकटा परवाच बारावी झालाय, तेही कळलंय मला. उद्या सकाळी येते.

दार तेवढं बंद ठेवू नका.