खापरखवल्याविरुद्ध तक्रार

बिनविषारी सापांचा वर्ग बंद झाल्याची नोटीस खापरखवल्याला मंगळवारी मिळाली. पोस्टमनने शेपटीचा ठसा घेतला आणि पाकीट धुण्याच्या दगडाखाली सरकवलं. वृंदाताई तिथेच साडी पिळत होत्या. खापरखवल्या म्हणजे वीतभर साप, सगळा जन्म मातीखाली गेलेला. त्याला वाचता येत नव्हतं. नोटीस त्यांनीच वाचून दाखवली. या वर्गातल्या सापांबद्दल तीन वर्षांत एकही तक्रार आलेली नाही, सबब वर्गाची गरज उरत नाही. संबंधितांनी पंधरा दिवसांत विषारी व्हावं किंवा गांडूळ.

"विषारी झालो तर काठी," खापरखवल्या म्हणाला. "गांडूळ झालो तर खताचा खड्डा."

अकरा वर्षांपूर्वी वृंदाताईंच्या यजमानांनीच, केळुसकर सरांनी, त्याचं नाव या वर्गात घातलं होतं. सर फाल्गुनात गेले. वृंदाताईंनी त्याला ओल्या मातीच्या डब्यात घेतलं आणि वर्गीकरण कार्यालय गाठलं.

"वहिनी, माझ्या हातात काय आहे?" धुरी कारकून म्हणाले आणि डब्याकडे बोट केलं. "यांनीच थोडं मनावर घ्यायला हवं होतं. फुरशाच्या चार फायली भरल्यात. यांचं एक पान नाही."

"एक तक्रार आली तर?"

"एक पुरे. पण खरी हवी. चावला?"

"एवढंसं तोंड. चावणार काय?"

"घाबरवलं?"

"त्याला आधी दिसावं लागेल ना, भाऊसाहेब."

धुरींनी पेनाला टोपण लावलं. वृंदाताईंनी डबा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"सर गेले त्या दिवशी सगळी आळी आली," त्या म्हणाल्या. "हा नाही आला."

डब्यातली माती हलली. "माणसं फार होती," आतून आवाज आला.

"तेराव्यालाही नाही."

"तेव्हाही होती."

धुरींनी टोपण काढून लिहिलं : 'उपद्रवाचा प्रकार – समाचाराला न येणे.' शिक्का मारला. वर्ग आणखी तीन वर्षं वाचला.

"आता तक्रारदाराने सापाला आठ दिवसांत तोंडी समज द्यायची," ते म्हणाले. "जरा कडक शब्दांत."

घरी आल्यावर वृंदाताईंनी डबा दगडापाशी आडवा केला. खापरखवल्या अर्धा मातीत शिरला आणि थांबला.

"बोला," तो म्हणाला.

त्या शेजारी बसल्या. दिवेलागणीपर्यंत दोघं तिथेच होती.

याला आता चार महिने झाले. समज द्यायची राहिली आहे.