जावईबापूंनी ओळखलेलं विमान

जुन्या लढाऊ विमानांच्या बाबतीत जावईबापूंचा हात धरणारा कुणी नव्हता. नुसत्या घरघरीवरून ते विमानाची कुंडली मांडत. गळ्यातली दुर्बीण फक्त आंघोळीला उतरते, असं त्यांची बायको म्हणायची, आणि बिचारी फार वाढवून सांगत नव्हती.

सासरे तरुणपणी विमानांचे मेकॅनिक. आता कानांनी पार दगा दिला होता, डोळे तेवढे शाबूत. ज्या विमानाची इंजिनं उघडण्यात उमर गेली, ते एकदा उडताना बघायचं आणि मग खुशाल डोळे मिटायचे, एवढंच त्यांचं मागणं होतं. जुन्या विमानांच्या प्रदर्शनात ते उडणार असं कळलं आणि जावईबापूंनी विडाच उचलला. खुर्ची, छत्री, औषधं असा लवाजमा घेऊन म्हाताऱ्याला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

विमान डोक्यावर आलं. सासरे काठी टाकून उभे राहिले. टोपी काढून छातीशी धरली, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"हेच ते," ते म्हणाले.

आता इथे माणसानं गप्प बसावं की नाही? पण स्वभावाला औषध नाही! जावईबापूंनी दुर्बीण लावली आणि सासऱ्यांच्या कानात, म्हणजे अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "बाबा, हे खरं नाही. नक्कल आहे. शेपूट बघा, आखूड आहे."

टाळ्या थांबल्या. शेजारच्या बाईंनी लेकराला खांद्यावरून खाली उतरवलं. मागून कुणीतरी तिकिटाचे पैसे परत मागायची भाषा सुरू केली. सासऱ्यांनी टोपी घातली, काठी शोधली आणि घरी जाऊ म्हणाले. जावईबापूंनी अजून विमानं यायची आहेत म्हणून परोपरीनं विनवलं, पण म्हातारा गाडीच्या दिशेनं चालायलाही लागला होता. आपण जीभ का उचलली, असं जावईबापूंना झालं.

मैदान मागे पडलं आणि पाठीमागून तो आवाज आला. जावईबापूंनी घरघर लगेच ओळखली. खरं विमान! त्यांनी करकचून ब्रेक दाबला, सासऱ्यांचा खांदा हलवला आणि बोट वर करून त्यांच्या कानाशी ओरडले.

"बाबा, वर बघा. हे अस्सल आहे. तुमच्या लेकीची शपथ."

विमान झाडांच्या शेंड्यांना अगदी घासून गेलं. सासऱ्यांनी मान वर केली नाही. ते गाडीची काच हळूहळू वर चढवत होते.

"चला जावईबापू," ते म्हणाले. "याचंही शेपूट आखूड असेल."