ऊं अधिक मज

"कशाले सांगू? तिले उमजत नही का?"

नानांचा हा सवाल उधन्यातल्या आमच्या चाळीतून सुटला आणि हजीऱ्याच्या धक्क्याला लागणारं एक जहाज, भोंगा झाला समजून, माघारी वळलं. मी पाहिलं नाही. पण वळलंच असणार. सवाल मला होता, आणि मी हातभर अंतरावर बसलो होतो. मी एवढंच म्हटलं होतं, "नाना, काकूंना फोन करा, ये म्हणा."

नाना म्हणजे आमचे शेजारी. उभं आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात गेलं. तिथल्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकूच येत नाही, सगळा कारभार हातांनी. दोन बोटं एकमेकांभोवती फिरवली की 'धागा तुटला, ये'. तिथंच बॉबिन भरणाऱ्या काकूंशी नानांचा संसार याच बोटांवर जमला. घरी ते गर्जत, पण हवापाणी आणि राजकारण यांवर. कामाचं बोलणं मुक्यानंच.

या मुक्या कारभाराला ते 'उमज' म्हणत. शब्दाचा उगम त्यांनी भाजीवाल्या गुजराती बेनलाही पाठ करून घेतला होता. "बायको तोंड न उघडता बोलस ते 'ऊं'. 'मज' म्हंजे मले. तिनं ऊं केलं, मज कळलं. झाली उमज!"

मी एकदा पांडित्य पाजळलं, की जाणकार हा शब्द पाण्यातून वर येण्याशी जोडतात.

"मग? 'ऊं' काय वरवरून येस का रे भो?"



तर काकू भाच्याच्या लग्नाला अमळनेरला गेल्या. लग्न उरकलं, मांडव उतरला, काकू तिथंच. निरोप तेवढा आला: "जन्मभर उमजी घेतलं. आता एकदा तोंडानं 'ये' म्हना, मग येस."

तेव्हापासून नाना काळा चहा पीत होते. दूध आणायचं असतं, हेच त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी मीच फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्यापुढे धरला. "काकू, नाना बोलताहेत."

नानांनी तोंड उघडलं. जहाजं वळवणाऱ्या त्या गळ्यातून एक 'ये' निघेना. ओठ हलले, मिटले. मग उजवा हात हळूच वर आला आणि दोन बोटं फोनसमोर एकमेकांभोवती फिरायला लागली.

"नाना," मी कुजबुजलो, "तिकडं दिसत नाही."

बोटं थांबली नाहीत.  फोन कटला की काय, म्हणून मी स्क्रीन पाहिला.

तेवढ्यात काकूंचा आवाज आला.

"हात खाली करा. सकायच्या गाडीनं येस. दूध आनी ठेवा."