मुकीनं आपली तक्रार तोंडी सांगावी

दान पात्र माणूस बघून करावं, असं शास्त्र सांगतं. आणि पात्र शोधता शोधता दान जागच्या जागी राहतं, असा अनुभव आहे. खालापुरात एका पुण्यवान शेटजीनं धसका घेतलेल्या, उगीच रडणाऱ्या, बोलणं टाकलेल्या तरण्या पोरांसाठी धर्मार्थ दवाखाना काढला, तो हे शास्त्र सांभाळूनच. मामलेदारसाहेबांनी फीत कापली. खाटा लोखंडी, चादरी तर इतक्या पांढऱ्या की त्यांवर कुणाला निजवायचं जिवावर यावं. (निजवलं नाहीच कुणाला.)

कशेळ्याच्या गौराबाईची नात आवडी पंधरा वर्षांची. खालापुराकडं मामाच्या गावी गेली असताना धाकटा भाऊ धाऊ तिच्या डोळ्यांदेखत पाताळगंगेत वाहून गेला. त्या दिवसापासून पोरीनं तोंड उघडलं नव्हतं. गौराबाई तिला बैलगाडीत घालून घेऊन आली.

दारात कारकून वाल्मिकराव. माणूस भला, नाही म्हणतानाही आवाज मऊ.

"राहते कुठं?"

"कशेळ्याला."

"म्हणजे कर्जतची. हा दवाखाना खालापूरकरांचा."

"ऱ्हाते कर्जतात, पन भ्याली तुमच्या नदीला."

वाल्मिकराव विचारात पडले. धसका हद्दीतला खरा, पण पोर हद्दीबाहेरची.

"मंग धसका ठिवून घ्या," गौराबाई म्हणाली, "पोर मी नेते. त्याच्यासाठीच आलेय."

यावर नियम नव्हता, म्हणून हद्द माफ झाली. वयाचंही जमलं. चौदाच्या आतलं पोर हट्टी समजावं नि सोळाच्या वरची पोरगी लग्नाची, अशी वाटणी होती. आवडी नेमकी मधल्या फटीत बसली. राहिला शेवटचा नियम. सोंगाढोंगांना आळा बसावा म्हणून रोग्यानं आपली तक्रार स्वतःच्या तोंडानं सांगावी.

"आवं, तोंड उघडत नाय हीच तक्रार हाय."

"तेवढंच तिनं सांगावं."

"आन सांगितलं तर?"

"तर बरी झाली म्हणायची. मग दवाखाना कशाला?"

गौराबाईनं वाल्मिकरावांच्या सात पिढ्यांची विचारपूस सुरू केली, तसा आतून डॉक्टर आला. पोरीकडं बघून, कधीपासून ते विचारून घेऊन म्हणाला, "आजी, वर्ष झालं की. इतके दिवस कुठं होतात?"

कशेळ्याच्या बाजारात जिच्यापुढं वाणी तराजू खाली ठेवत, ती पोरीचा हात धरून मुकाट गाडीकडं वळली. कारण वर्षभर सगळा गाव, आणि गावाच्या पुढं एक पाऊल गौराबाई, पोरीचं कौतुकच करत होती. उलट उत्तर नाही, खिदळणं नाही, खालची मान वर नाही. दोन स्थळं आली होती, तीही याच गुणावर.

परतताना तिनं गाडी नदीकडं वळवली. काठावर बसून धाऊचं नाव घेतलं. घरात ते वर्षभर कुणी घेतलं नव्हतं. आवडीनं आजीच्या पदरात तोंड खुपसलं आणि मोठ्यानं हंबरडा फोडला. (ही तक्रार तोंडी धरता आली असती, पण कारकून पाचला दप्तर बंद करतो.)

दवाखाना छान चालला आहे. आजवर एकाही रोग्यानं तक्रार केलेली नाही.

तुम्ही वाल्मिकरावांना हसलात, ते बरं केलंत. तुमच्या घरातली ती शहाणी, गुणाची, आवाज न काढणारी पोर आत बसली आहे ना? काही असतं तर बोलली असती की.