आत्याचा आवाज

एमसी तलवारच्या गाण्यात चार ओळी गाऊन रत्नमाला चौगुले जयसिंगपूरला परत आली, पण तिचा आवाज परत आला नाही. तो तलवारच्या गळ्यातच राहिला. गाणं हिट झालं होतं. हिट गाण्यातून आवाज परत काढता येत नाही, असं स्टुडिओवाल्यानं सांगितलं, आणि त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

तलवारचं रॅप म्हणजे अर्धा वेळ स्वतःचं नाव आणि अर्धा वेळ स्वतःच्या गॉगलचं कौतुक. गाणं चाललं ते रत्नमालाच्या चार ओळींवर, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी. ज्या आवाजातला पाळणा ऐकून म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावायच्या, त्याच आवाजात हा गडी मिसळीच्या गाड्यावर जादा कट मागायचा. माझं डोकं फिरायचं. गाडीवाला मात्र टाळ्या वाजवायचा.

अडचण झाली ती रत्नमालाच्या भावाला, सन्मतीला, मुलगा झाल्यावर. बारशाला पाळणा आत्यानं म्हणायचा आणि बाळाच्या कानात नावही आत्यानंच सांगायचं. रत्नमालानं गावभरच्या पोरांचे पाळणे म्हटले होते. स्वतःच्या भाच्याची वेळ आली तेव्हा ती मुकी होती. नाव तिनंच ठरवलं होतं, श्रेयांस. सन्मतीनं तलवारला फोन लावला.

"आवाज तुमच्याकडं हाय, तवा तुमालाच यायला लागतंय."

"येतो ना भावा. पण फ्लेक्सवर माझं नाव पहिलं."

"आन् बाळाचं?"

"खाली टाका. 'सोबत' म्हणून."

तसा फ्लेक्स चौकात लागला. बारसं एमसी तलवार यांचं आहे आणि सोबत बाळ आहे, असंच कुणालाही वाटलं असतं.

तलवारनं पाळणा म्हटला. फार सुंदर म्हटला, हे सांगताना माझी जीभ जड होते. मग तो वाकला आणि बाळाच्या कानात म्हणाला, "एमसी तलवार!"

"श्रेयांस म्हणायचं हुतं ओ!" सन्मती कळवळला.

"सवय आहे भावा. सुरुवातीला आपलं नाव घ्यावंच लागतं."

कानात पडलेलं नाव मागं घेता येत नाही. त्यामुळे बाळाचं नाव एमसी तलवार ठेवण्यात आलं.

नाव ठेवलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. तो आत्याचा मान. बायकांनी तलवारच्या पाठीवर हात उगारले. तेवढ्यात कोपऱ्यातून रत्नमाला आली, तिनं त्याला ढकलून बाजूला केलं आणि स्वतःची पाठ बायकांपुढं केली.

"बघताय काय? आत्या हीच हाय," तिची आई म्हणाली. "हाणा गं!" आणि पहिला धपाटा तिनंच घातला.

"आई गं!" तलवारच्या तोंडून रत्नमाला ओरडली.

त्याला काही लागलं नव्हतं. पण त्याच्या मोबाईलवर रेकॉर्डिंग चालूच होतं. त्या 'आई गं'मागं ढोल लावून त्यानं पुढचं गाणं काढलं आणि तेही तुफान चाललं. लोकांच्या अकलेबद्दल मी आता बोलणं सोडून दिलंय.

चौगुल्यांच्या शेजारीही ते गाणं सारखं वाजत असतं. 'आई गं' आलं की पाळण्यातला एमसी तलवार मान वळवतो आणि आत्याकडं बघतो.