संदर्भातलं नाव

जमुनाबाईंच्या कुरडया तिसऱ्या दिवशीही ओल्याच होत्या. चैत्र संपत आलेला, अमरावतीत उभ्या गाडीच्या सीटवर बसवत नाही असं ऊन, आणि राजापेठेतल्या त्यांच्या गच्चीवर मात्र दुपारपर्यंत सावली. पूर्वेच्या शेजारच्या गच्चीवर 'शिखर क्लासेस'चा नवा बोर्ड उभा राहिला होता. त्यावर स्वप्निल सर हाताची घडी घालून हसत होते. पश्चिमेला तीन मजली लॉज आधीपासूनच होता. मधल्या दोन तासांत जेवढं ऊन मिळेल तेवढंच.

जमुनाबाईंकडे यंदा एकवीस घरांच्या कुरडया आणि काडीवर वळायच्या सरगुंड्यांच्या ऑर्डरी होत्या. वाळवणाचा धंदा नावावर चालतो. एका घरी आंबूस कुरडई गेली की पुढच्या वर्षी सगळी गल्ली दुसरीकडे.

"स्वप्निलले जाऊन सांगा न," त्या नवऱ्याला, पंजाबरावांना म्हणाल्या. "बोर्ड जरा खाली घे म्हणा. पोरगं काही वाईट नाही."

"उत्तमरावचं पोरगं हाय थे. त्याच्या बापासंगं मी चोवीस वर्षं एका टेबलावर काढले. कोन्या तोंडानं सांगू?"

"मंग कुरडयाइले सांगू का, दमानं घ्या म्हणून?"

पंजाबराव इंगोले सिंचन खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. तोंडावर ते कोंबडीलाही 'सरक' म्हणू शकत नसत, पण कागदावर मंत्रालयाशी भांडण्याची त्यांची तयारी असे. त्यांनी डोकं लढवलं. बोर्डाला परवानगी नसली तर महानगरपालिका तो आपसूक काढेल, आणि आपण नामानिराळे. म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. पण अर्जात स्वप्निलचं नाव तरी कसं घ्यायचं? एकाचं नाव घेतलं की तक्रार होते, सगळ्यांची घेतली की नुसती माहिती. त्यांनी दहा रुपयांचा स्टँप लावून आपल्या 'गल्लीतील सर्व फलकांच्या परवानगीच्या सत्यप्रती' मागवल्या. आपल्या हुशारीवर ते इतके खूश झाले की येताना त्यांनी अर्धा किलो जिलबी आणली.

महानगरपालिकेच्या खिडकीवरचा कारकून नितेश अर्ज वाचून म्हणाला होता, "काका, पुऱ्या गल्लीच्या फाइली काढा लागतीन."

"काढा. मले काही घाई नाही," पंजाबराव म्हणाले. घाई कुरडयांना होती.

फाइली काढल्या तेव्हा सतरा बोर्डांपैकी बहुतेकांचा कागदच सापडेना. मग कार्यालयानं सरळ बोर्डवाल्यांनाच विचारायचं ठरवलं. तिसऱ्या आठवड्यात गल्लीत सतरा नोटिसा आल्या. सात दिवसांत परवानगी दाखवा, नाही तर फलक काढण्यात येईल.

सगळ्यात आधी धावत आले गिरणीवाले भगवंतराव. रेशनकार्डापासून वीजबिलाच्या तक्रारीपर्यंत गल्लीचा प्रत्येक अर्ज पंजाबरावच लिहीत.

"पंजाबराव, पाहा बाप्पा काय आलं! माह्या बापाच्या टायमाची पाटी हाय. उत्तर लिहून द्या झटक्यात."

पंजाबरावांनी चष्मा लावला आणि सवयीनं वरून वाचायला सुरुवात केली. 'संदर्भ : श्री. पंजाबराव नामदेवराव इंगोले यांचा माहिती अधिकारातील अर्ज.' त्यांनी हळूच कागदाचा वरचा भाग मागे दुमडला.

"हा भाग काही कामाचा नसते," ते म्हणाले.

"नसन," भगवंतराव म्हणाले. "तुमाले जास्त समजते."

पंजाबरावांचा जीव भांड्यात पडला. चौतीस वर्षांच्या नोकरीत लिपिकाखेरीज कोणी संदर्भ वाचलेला त्यांनी पाहिला नव्हता. पण त्या दिवसापासून घरी रांगच लागली. चहावाला आला, सायकलवाला आला, दातांचे डॉक्टर आले. पंजाबराव कागद दुमडायचे आणि उत्तर लिहायचे.

संध्या शिवणकाम करायची, तिच्या दारावर 'लेडीज टेलर'ची छोटी पाटी होती. ती म्हणाली, "काका, पाटी गेली त नवीन गिऱ्हाईक कसं येईन? कोन असन हा अर्ज करनारा? त्याले काही काम नाही का?"

"नसन," पंजाबराव पुटपुटले. तिचं उत्तर त्यांनी दोन वेळा फाडून तिसऱ्यांदा लिहिलं. संध्याकाळी ती वाटीभर शेवयांची खीर घेऊन आली. ती खीर त्यांनी तशीच जमुनाबाईंपुढे सरकवली. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी जमुनाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. 'वाळवणाच्या ऑर्डरी घेतल्या जातील' या त्यांच्या पाटीलाही नोटीस आली होती.

"अन् हे वर तुमचं नाव कावून हाय?"

पंजाबरावांनी सगळं सांगितलं. "कोनाले सांगू नको."

"मी कायले सांगू? पन माहं उत्तर चांगलं लिहा."

त्यांनी लिहिलं. 'उपरोक्त अर्जदारास वस्तुस्थितीची पुरेशी जाणीव नसावी.' जमुनाबाईंनी वाचून मान डोलावली.

सहाव्या दिवशी स्वप्निल आला. पंजाबराव खुर्चीतून अर्धवट उठले.

"काका, माह्या बोर्डाची परवानगी हाय. पक्की. शिक्क्यासकट."

पंजाबराव परत खुर्चीत बसले. गल्लीच्या डोक्यावर टांगती तलवार, आणि सावली जागच्या जागी.

"पन मी दुसराच अर्ज लिहून आणला. जरा पाहून द्या."

अर्जात लिहिलं होतं, 'सदर फलकामुळे शेजारील गच्चीवरील वाळवणास ऊन मिळत नसल्याने तो पाच फूट खाली घेण्यास परवानगी मिळावी.'

पंजाबरावांना पुढचं वाचता येईना. "तुले कोनं सांगितलं?"

"कोनी नाही. नोटिशीवर तुमचं नाव वाचलं. म्हटलं, काका असं कावून करतीन? गच्चीवर जाऊन पाह्यलं, त काकू खाट घेऊन उनामागं फिरून राह्यल्या होत्या."

"म्हणजे तू वाचलं?"

"सगळ्यायनं वाचलं, काका. भगवंतकाकानं त गिरणीत मोठ्यानं वाचून दाखवलं."

"अन् संध्यानं?"

"तिनंच पह्यले वाचलं."

"मंग माह्या तोंडावर कोनी बोललं कावून नाही?"

"बोलनारच होते. पन भगवंतकाका म्हणे, काही बोलू नका. पुरे सतरा उत्तरं त्यायच्याकडूनच लिहून घ्या, तेवढी सजा बस."

आतून जमुनाबाईंचं हसू ऐकू आलं. पंजाबरावांनी नाक ओढलं, चष्मा पुसला, लाल पेन काढलं आणि अर्जातल्या दोन चुका दुरुस्त केल्या. मग ते थांबले.

"अबे, संदर्भ कोरा कावून ठेवला?"

स्वप्निल खाली पाहत म्हणाला, "म्हटलं, तुमाले वाईट वाटीन."

"संदर्भाशिवाय अर्ज चालत नाही," पंजाबराव म्हणाले. त्यांनी निळं पेन घेतलं आणि कोऱ्या जागेत आपलं नाव लिहिलं, स्वच्छ अक्षरात, वडिलांच्या नावासकट.